झिजलेल्या चक्राची मोजणी

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील तिवसा तालुक्यात संत्र्याची बाग राखणाऱ्या शेतकऱ्याला विहिरीवरील पंपाचे मोल सांगावे लागत नाही. आणि ऐन चैत्रात त्या पंपातील पाणी फेकणारे चक्र, ज्याला आपण सारे इम्पेलर म्हणतो, झिजून निकामी झाले आणि तसे दुसरे बाजारात मिळेनासे झाले, म्हणजे बागेवर कोणता प्रसंग ओढवतो, हेही तो पुरेपूर जाणतो. नकाशा उपलब्ध नसलेली अशी वस्तू केवळ तिच्या देहावरून पुन्हा घडविण्याची विद्या आज कारखान्यांत रूढ झाली असून, ती सामान्य वाचकानेही समजून घेण्याजोगी आहे.

पहिले काम मोजणीचे. जमिनीच्या मोजणीत भूमापक बांधाच्या वळणावळणावर खुणा करून त्यांची अंतरे दप्तरात नोंदवितो. स्कॅनर तेच काम प्रकाशाने करतो. चक्रावर लेझरची बारीक रेघ पडते, कोन साधून बसविलेला कॅमेरा ती कोठे किती वाकली हे टिपतो, आणि त्रिकोणमितीच्या आधारे प्रत्येक ठिकाणाचे स्थान निश्चित होते. चकाकत्या धातूवरून प्रकाश भलतीकडे परावर्तित होतो, म्हणून वस्तूवर आधी पांढऱ्या भुकटीचा पातळ फवारा मारतात. नाना बाजूंनी घेतलेल्या मोजण्या एकमेकींशी जुळविल्या, की संगणकात लक्षावधी बिंदूंचा एक ढग उभा राहतो.

परंतु बिंदू म्हणजे पृष्ठ नव्हे. शेजारचे बिंदू जोडून त्रिकोणांचे जाळे विणता येते. पण मोजणीत उरलेले सूक्ष्म कंप त्या जाळ्यातही उतरतात, आणि त्याच्याच बरहुकूम कापणारे हत्यार प्रत्येक कडेवर दिशा बदलीत गेल्यामुळे, जेथे पात्याची डौलदार वक्रता हवी तेथे लहान लहान सपाट पैलू उमटतात.

यावरचा उपाय पूर्वीच्या जहाजबांधणाऱ्यांना ठाऊक होता. लवचीक लाकडी पट्टी मोजक्या ठिकाणी वजनांनी दाबून धरली, म्हणजे ती मधल्या भागात आपसूक सुरेख वळण घेते. त्या पट्टीलाच इंग्रजीत स्प्लाइन म्हणत, आणि पुढे गणितातील वक्रांनाही तेच नाव मिळाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधील सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्झो यांनी आणि रेनो कंपनीत पिएर बेझिए यांनी मोटारींच्या अंगासाठी अशाच वक्रांचे गणित स्वतंत्रपणे सिद्ध केले. त्यात मोजकी नियंत्रक स्थाने हलविली, की सारे पृष्ठ सौम्यपणे वळते. आणि ढगातील बिंदूंपासून त्या पृष्ठाच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी राहील, अशा बेताने संगणक ती स्थाने शोधून काढतो.

येथवर यंत्र पुरते. येथून पुढे विवेक लागतो. नियंत्रक स्थाने फार ठेवली, तर पृष्ठ मोजणीच्या प्रत्येक कंपामागे धावून लाटा धरते. फार थोडी ठेवली, तर पात्याचा खरा आकारच हरवतो. शिवाय स्कॅनर जितक्या निष्ठेने आकार मोजतो, तितक्याच निष्ठेने झीजही मोजतो. वाळूने खाल्लेली कड मुळात कशी होती, हे त्याच्या दप्तरी नसते. म्हणून चक्राला सहा पाती असतील, तर जाणता कारागीर त्यांपैकी सर्वांत शाबूत असलेले एकच पाते निवडतो, त्याचे पृष्ठ साधतो, आणि तेच साठ साठ अंशांनी फिरवून उरलेली पाच उभी करतो; आसाचे भोक मात्र मोजलेल्या बिंदूंवर न सोपविता शुद्ध वर्तुळ म्हणूनच आखतो.

या पृष्ठावरून यंत्रावर लाकडी वा अॅल्युमिनियमचा पॅटर्न, म्हणजे वाळूत ठसा उमटविणारा नमुना, कापला जातो; ओतलेले बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते, म्हणून तो तेवढा मोठा ठेवावा लागतो. नंतर फाउंड्रीत वाळूच्या साच्यातून नवे चक्र बाहेर येते, आणि लेथवर त्याचे भोक नेमके केले जाते.

याच तालुक्यातील मोझरीस 1935 साली गुरुकुंज आश्रम स्थापून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गावाच्या स्वावलंबनाचा आग्रह धरला. आपल्या अवजाराचा आकार आपल्या हाती असणे हा त्या स्वावलंबनाचाच भाग होय. माझी बागायतदारांना विनंती एवढीच, की नवा पंप बसविताना त्याच्या कोऱ्या चक्राची मोजणी करवून, शेताच्या नकाशासारखी ती जपून ठेवावी. कारण झिजलेल्या वस्तूवरून मूळ आकाराचा अंदाज बांधावा लागतो, कोऱ्या वस्तूवरून तो नुसता नोंदवून ठेवता येतो.