परातीएवढा सूर्य, ज्वारीएवढी पृथ्वी

माढ्यातल्या पोरांना अवकाश दाखवायला दुर्बीण कशाला? मालदांडी ज्वारीचा दाणा घ्या, साधारण ४ मिलिमीटरचा. ही पृथ्वी. त्या मापाने सूर्य म्हणजे ४४ सेंटिमीटरची परात, तीही ४७ मीटर लांब ठेवलेली! अंतर लेकरांनाच पावलांनी मोजू द्या. चंद्र? खसखशीचा दाणा, ज्वारीपासून जेमतेम १२ सेंटिमीटरवर. (इथं मोठी माणसंच जास्त चकित होतात.)

माढ्यात १२ मेच्या आसपास दुपारी १२.२४च्या सुमारास सपाट अंगणात सरळ कडांचा डबा उभा ठेवा. सूर्य बरोबर डोक्यावर, सावली गायब! जुलैअखेरीस पुन्हा हाच योग, पण तेव्हा ढगांचा भरवसा नाही. दिल्लीच्या मुलांना ही गंमत घरी कधीच दिसत नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला. सूर्याकडे मात्र कुणी बघायचं नाही, नजर डब्याच्या बुडाशी.