गोळी तीच, परिणाम निराळा

रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा तुम्ही पाहिल्या असतील. पूर्वी त्यांना पाटाने पाणी देत. आता ठिबकच्या नळ्या दिसतात. पाणी तेच, पण देण्याची रीत बदलली की पिकाला होणारा लाभ बदलतो. औषधांचेही असेच आहे. मनाची चिंता कमी करणारी औषधे हे त्याचे चांगले उदाहरण होय.

आपल्या मेंदूत ‘गॅबा’ नावाचे रसायन मज्जापेशींची धावपळ आवरते. १९६३ साली बाजारात आलेले डायझेपाम आणि त्याच वर्गातील अल्प्राझोलाम ही औषधे गॅबाचा हा परिणाम वाढवतात. पण त्यासाठी औषध आधी मेंदूपर्यंत पोहोचले पाहिजे. डायझेपामची गोळी गिळली, तर रक्तातील तिचे प्रमाण कमाल होण्यास साधारण तास-दीड तास लागतो. भरल्या पोटी आणखी उशीर होतो. तेच औषध नीलेत टोचले, तर काही मिनिटांत परिणाम दिसतो. मग कुठेही सुई टोचली की गुण लवकर येतो काय? नाही! स्नायूत टोचलेले डायझेपाम कधी कधी गोळीपेक्षाही सावकाश रक्तात उतरते, कारण ते पाण्यात नीट विरघळत नाही.

काही गोळ्या ठिबकप्रमाणे औषध हळूहळू सोडतात. त्या चावल्या किंवा फोडल्या, तर दिवसभराचे औषध एकदम रक्तात येते. म्हणूनच ‘अख्खी गिळा’ असे सांगतात.

रोज घेतलेल्या औषधाची काही आठवड्यांत मेंदूला सवय होते. ते अचानक बंद केले, तर झोप उडते, हातपाय कापतात, क्वचित झटकेही येतात. म्हणून डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात. उलट, सर्ट्रालीनसारख्या औषधांचा गुण दिसायलाच काही आठवडे लागतात. ती एक दिवस घेऊन दुसऱ्या दिवशी सोडण्यात अर्थ नसतो.

मालेगाव-धुळे भागात अल्प्राझोलामच्या गोळ्या ‘कुत्ता गोळी’ या नावाने नशेसाठी चोरून विकल्या जातात, हे तुमच्या कानावर आले असेल. गोळी तीच, पण चिठ्ठी नाही, मात्रेला धरबंध नाही. सोबत दारू असेल, तर दोन्ही मिळून श्वास मंदावतात आणि प्राणावर बेतते.

तेव्हा मित्रांनो, दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी घेऊ नका, घरात कोणाची चालू असेल तर ती परस्पर बंद करू देऊ नका. परीक्षेची चिंता झोप उडवू लागली, तर घरी किंवा शिक्षकांना सांगा. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ क्रमांकावरही विनामूल्य सल्ला मिळतो.