दुकान तुमच्या नावावर लिहिलंय, पण कोर्टात ते सांगणार कोण?



समजा, तालुक्याच्या बाजारपेठेत तुमच्या वडिलांचं हार्डवेअरचं दुकान आहे. बारावीनंतर तुम्ही गल्ल्यावर बसलात ते आजतागायत. थोरला भाऊ पुण्यात नोकरीला, बहीण नाशिकला दिलेली. वडील गेले. तेराव्यानंतर कपाटातून दोन पानी कागद निघाला. दुकानाचा गाळा आणि धंदा तुम्हाला, राहतं घर तिघांना सारखं. खाली वडिलांची सही, शेजारी दोन साक्षीदारांच्या सह्या. तुम्हाला वाटलं, विषय मिटला. भाऊ कागद दोनदा वाचतो आणि म्हणतो, "ही सही अण्णांची वाटत नाही."

या एका वाक्याने काय होतं ते धंदेवाल्यालाच कळेल. प्रोप्रायटरशिप म्हणजे मालक आणि धंदा एकच. मालक गेला की करंट अकाउंट थांबतं, सीसी लिमिट थांबतं, जीएसटी नंबर वारसाच्या नावाने नवा घ्यावा लागतो. बँक म्हणते, वारसांमध्ये वाद आहे, कोर्टाचा आदेश आणा. पावसाळ्याआधी पत्रे आणि ताडपत्रीचा माल भरायचाय, आणि तुम्ही वकिलाच्या बाकावर बसलेले असता.

वकील पहिला प्रश्न विचारतो तो कागदाबद्दल नसतोच. तो विचारतो, "साक्षीदार कुठे आहेत?"

हे नीट समजून घ्या. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, साध्या कागदावरचंही चालतं. नोंदणी सक्तीची नाही. पण भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात. प्रत्येकाने वडिलांना सही करताना पाहिलेलं असावं, किंवा "ही माझीच सही" असं वडिलांनी त्याला स्वतः सांगितलेलं असावं. आणि साक्षीदाराने आपली सही वडिलांच्या समोरच करायला हवी. दोघे एकाच वेळी हजर हवेत असं नाही. आत काय लिहिलंय हेही त्यांना माहीत असायची गरज नाही.

वाद झाला की हे सगळं कोर्टात माणसाच्या तोंडून यावं लागतं. साक्षीदारांपैकी एक जरी हयात असेल आणि कोर्टात येऊ शकत असेल, तर त्याला तपासल्याशिवाय मृत्युपत्र पुरावा म्हणून वापरता येत नाही. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम ६८ होतं, १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते ६७ आहे. नंबर बदलला, नियम तोच.

माझ्या बॅचमध्ये इथे हमखास हात वर होतो. "सर, म्हणजे एक साक्षीदार आणला की झालं ना?" झालं, पण त्या एकाने सगळं सांगितलं तरच. जानकी नारायण भोईर विरुद्ध नारायण नामदेव कदम या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे हाच मुद्दा आला होता. एक साक्षीदार तपासला गेला, पण दुसऱ्या साक्षीदाराने रीतसर सही केली हे त्याच्या जबाबातून सिद्ध होईना. दुसरा साक्षीदार हयात होता, त्याला बोलावलंच नव्हतं. कोर्ट म्हणालं, मृत्युपत्र शाबीत झालं नाही. त्या एका जबाबावर सगळं गेलं.

आता कल्पना करा, तुमच्या वडिलांनी साक्षीदार म्हणून कोणाला घेतलं असेल? शेजारचे कापड दुकानवाले काका, वय ७४. आणि तुमचा शाळेतला मित्र. काका पिंजऱ्यात उभे राहून खरं तेच सांगतात, "अण्णांनी सही करून ठेवली होती, मुलगा कागद घेऊन माझ्या दुकानात आला, मी तिथे सही केली." काका प्रामाणिक, पण तुमचं प्रकरण त्याच क्षणी अडचणीत आलं. सही वडिलांच्या समोर झालीच नाही. आपल्याकडे "काका, जरा इथे सही द्या" ही पद्धत किती सहज चालते, तुम्हीच आठवून बघा.

सेवा केली तोच संशयात

आता सगळ्यात कडू भाग. शेवटची तीन वर्षं वडिलांना दवाखान्यात तुम्ही नेलं. वकिलाकडेही तुम्हीच नेलं, कारण दुसरं होतंच कोण? फी तुम्ही दिली. मित्राला साक्षीला तुम्ही बोलावलं. घरात याला कर्तव्य म्हणतात. उलटतपासणीत त्याचं नाव बदलतं.

एच. व्यंकटचल अय्यंगार विरुद्ध बी. एन. थिम्मजम्मा हा या विषयातला पायाभूत निकाल, १९५९ च्या रिपोर्टमधला. लिहिला आपल्या साताऱ्याच्या न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी, जे पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. त्यातलं म्हणणं असं: ज्याला मोठा लाभ मिळतो त्यानेच मृत्युपत्र करवून घेण्यात पुढाकार घेतला असेल, तर ती संशयास्पद परिस्थिती. थरथरती सही, आजारपण, जवळच्या वारसाला काहीच न देणं, हेही त्यातच. आणि हा संशय दूर करायची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्याची, म्हणजे तुमची. भाऊ जर म्हणाला की तू फसवून, दबाव टाकून सही घेतलीस, तर तो आरोप मात्र त्याने सिद्ध करायचा. पण कागदावरची शंकेची सावली तुम्हीच पुसायची.

"मग रजिस्टर केलं असतं तर?" फायदा होतो, नक्की होतो. सही खोटी म्हणणं अवघड जातं. पण नोंदणी झाली म्हणून साक्षीदार तपासायची गरज संपत नाही आणि संशयही आपोआप जात नाही. नोटरीच्या शिक्क्याचं तर सोडाच. व्हिडिओ काढून ठेवा असंही लोक सुचवतात. मी व्हिडिओवाला माणूस, मला आवडेल. पण तो जोडपुरावा आहे, साक्षीदाराची जागा घेत नाही.

कागदात जे बसतच नाही

इथे बरेच जण फसतात म्हणून सांगतो. दुकान पागडीचं असेल तर भाडेकरूचा हक्क मृत्युपत्राने देता येत नाही. मुंबई भाडेकायद्याखालच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये हे स्पष्ट केलं. सध्याच्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात, भाडेकरू वारला तेव्हा त्याच्याबरोबर तिथे धंदा करणारा कुटुंबातला माणूस पुढे भाडेकरू होतो. म्हणजे तिथे तुमचा आधार मृत्युपत्र नाही, तुम्ही गल्ल्यावर बसत होता याचा पुरावा आहे. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची मिळकत असेल, तर वडील फक्त स्वतःचा हिस्सा लिहून देऊ शकतात. मुलीचा हिस्सा मुलाइतकाच. आणि "मी नॉमिनी आहे" या वाक्यावर विसंबू नका. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, शेअर्सच्या बाबतीतही नाही, हे डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा एकदा ठरलं.

दावा कुठे चालतो? मुंबईतल्या मिळकतींसाठी प्रोबेट वर्षानुवर्षं सक्तीचं होतं. ते कलम २१३ संसदेने २०२५ च्या अखेरीस रद्द केलं. बाकी महाराष्ट्रात सक्ती नव्हतीच. तिथे बहुधा भाऊ-बहीण वाटणीचा दावा लावतात आणि तुम्ही त्यात मृत्युपत्र शाबीत करता. सक्ती गेली म्हणून सिद्ध करायचं काम गेलं, असं समजू नका. तलाठ्याकडे फेरफार नोंदवून घेतला तरी त्याने मालकी ठरत नाही.

वडील हयात असतील तर हा लेख वाचून त्यांना लगेच वकिलाकडे घेऊन जाऊ नका. गंमत नाही करत. त्यांना स्वतः जाऊ द्या, त्यांच्या ओळखीच्या वकिलाकडे, तुमच्याशिवाय. मजकूर मराठीत असू दे, वडील जी भाषा वाचतात तीत. भावाला दुकान का नाही, हे दोन ओळींत त्यांच्याच शब्दांत येऊ दे: "थोरल्याच्या शिक्षणाला आणि पुण्याच्या फ्लॅटला मी पैसे दिले आहेत" एवढं वाक्यसुद्धा कोर्टात बोलतं. साक्षीदार त्यांच्यापेक्षा वयाने लहान, पत्ता सहज सापडणारे, कागदात काही न मिळणारे असावेत. एक जण नेहमीचे डॉक्टर असतील तर उत्तम, कारण मन ठिकाणावर होतं का, या प्रश्नाचं उत्तर तेच देतील. तिघांनी एकाच खोलीत, एकाच बैठकीत सह्या कराव्यात. तुम्ही त्या वेळी दुकानात असा, आणि त्या दिवसाची बिलं तुमच्या हातची असू देत.

वडील गेलेच असतील आणि दावा लागला असेल, तर आज संध्याकाळी एक काम करा. दोन्ही साक्षीदार कुठे आहेत, तब्येत कशी आहे, बघून या. काय बोलायचं ते पढवायला जाऊ नका, फक्त विचारपूस करा. कोणी आजारी किंवा फार वयस्कर असेल, तर वकिलांना तसं सांगा. क्रम लागायची वाट न बघता त्याचा जबाब आधी नोंदवा असा अर्ज कोर्टात करता येतो, अंथरुणाला खिळला असेल तर कमिशनमार्फत घरी जाऊनही जबाब घेतात. दोघेही वारले असतील, तर त्यांच्यापैकी एकाचं तरी हस्ताक्षर आणि वडिलांची सही ओळखणारा माणूस लागेल. कापड दुकानवाल्या काकांच्या सहीच्या जुन्या पावत्या तुमच्याच फायलीत असतील, रद्दीत घालू नका.