चौथे खेम सावंत

चौथे खेम सावंत भोसले (१८०४–१८६७) हे सावंतवाडी संस्थानाचे संस्थानिक होते. ते १८१२ पासून मृत्यूपर्यंत गादीवर होते. मात्र १८३८ नंतर संस्थानाचा प्रत्यक्ष कारभार ब्रिटिशांकडे होता. हा प्रदेश आज प्रामुख्याने सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडतो.

पार्श्वभूमी

खेम सावंतांचे वडील तिसरे फोंड सावंत यांनी १८१२ मध्ये इंग्रजांशी तह करून वेंगुर्ले बंदर त्यांच्या स्वाधीन केले व लढाऊ गलबते ठेवण्याचा हक्क सोडला. त्याच वर्षी कोल्हापूरकरांनीही मालवण व सिंधुदुर्ग किल्ला इंग्रजांना दिला. फोंड सावंतांच्या निधनानंतर आठ वर्षांचे खेम सावंत गादीवर आले. ते अज्ञान असल्यामुळे तिसऱ्या खेम सावंतांच्या विधवा पत्नी दुर्गाबाई कारभार पाहू लागल्या.

१८१९ चा तह

१८१९ मध्ये इंग्रज फौजेने निवती व रेडीचा यशवंतगड हे किल्ले घेतले. त्यानंतर झालेल्या तहान्वये संस्थानाने ब्रिटिशांचे सार्वभौमत्व मान्य केले आणि कर्ली नदीपासून पोर्तुगीज हद्दीपर्यंतचा किनारा गमावला. अशा प्रकारे खेम सावंत सज्ञान होण्यापूर्वीच संस्थानाची सागरी सत्ता संपली होती.

कारकीर्द

सज्ञान झाल्यावर खेम सावंतांनी कारभार हाती घेतला. परंतु त्यांना राज्यावर पकड बसवता आली नाही. वारंवार बंडे झाली व ती मोडण्यासाठी ब्रिटिशांची मदत घ्यावी लागली. अखेर १८३८ मध्ये त्यांनी प्रशासन ब्रिटिशांकडे सोपवले. यानंतर पोलिटिकल सुपरिंटेंडंट हा अधिकारी कारभार पाहू लागला.

१८४४ चा उठाव

ब्रिटिश कारभाराविरुद्ध १८३९ मध्ये एक उठाव झाला. १८४४ मध्ये कोल्हापुरातील गडकऱ्यांचे बंड सावंतवाडीत पसरले. फोंड सावंत तांबुळकर हे येथील उठावाचे एक प्रमुख होते. संस्थानिकांचे पुत्र, युवराज फोंड सावंत हेही बंडवाल्यांना मिळाले. मनोहरगड हे बंडाचे मुख्य ठाणे होते. १८४५ मध्ये तो गड ब्रिटिशांच्या हाती पडल्यावर अनेकांनी गोव्यात आश्रय घेतला. त्याच वर्षी ले ग्रँड जेकब यांची सुपरिंटेंडंट म्हणून नेमणूक झाली.

उत्तरकाळ

१८६१ मध्ये सरकारने काही अटींवर कारभार परत देण्याची तयारी दर्शवली. १८४४ चा उठाव मोडण्यासाठी झालेला खर्च संस्थानाने भरून द्यावा, ही त्यांपैकी एक अट होती. १८६७ मध्ये खेम सावंतांचे निधन झाले. त्यांच्यामागून गादीवर आलेले चौथे फोंड सावंत १८६९ मध्ये वारले व त्यानंतर रघुनाथ सावंत संस्थानिक झाले. पंचावन्न वर्षे गादीवर असूनही खेम सावंतांच्या हाती प्रत्यक्ष सत्ता दोन दशकांहून कमी काळ राहिली.