दिल्ली ते लेह : अंतर ६२० किलोमीटर, प्रवास सव्वा तासाचा

दिल्लीचा इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि लेहचा कुशोक बकुला रिम्पोछे विमानतळ यांतील हवाई अंतर सुमारे ६२० किलोमीटर आहे. दोन्ही ठिकाणे ७७ अंश पूर्व रेखांशाजवळ असल्याने हे अंतर मोजणे सोपे जाते. त्यांच्या अक्षांशांत सुमारे ५.६ अंशांचा फरक असून एक अक्षांश म्हणजे साधारण १११ किलोमीटर होत. मनालीमार्गे रस्त्याने मात्र हेच अंतर एक हजार किलोमीटरच्या घरात जाते आणि प्रवासाला साधारणतः दोन दिवस लागतात.

ताशी ८०० किलोमीटर वेगाने हे हवाई अंतर पाऊण तासात कापता आले असते. प्रत्यक्षात वेळापत्रकात सव्वा ते दीड तास दाखविला जातो. विमान थांब्यावरून हलल्यापासून लेहच्या थांब्यावर उभे राहीपर्यंतचा सारा वेळ त्यात धरलेला असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे आणि डोंगररांगांमधून सावकाश खाली उतरणे यांत बराच वेळ जातो. हिमालयावरील वारे मुख्यतः पश्चिमेकडून वाहतात. ते या दक्षिणोत्तर मार्गाला आडवे येत असल्याने जाण्या-येण्याच्या वेळेत फारसा फरक पडत नाही.

खरी अडचण अंतराची नसून उंचीची आहे. लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ३,२५६ मीटर उंचीवर असून तेथे हवेचा दाब सुमारे एक तृतीयांशाने कमी असतो. विरळ हवेत इंजिनाची शक्ती घटते आणि उड्डाणासाठी अधिक वेग गाठावा लागतो. दुपारच्या उन्हाने हवा आणखी विरळ होते, शिवाय दऱ्यांतून जोराचे वारे सुटतात. म्हणूनच लेहची बहुतेक उड्डाणे सकाळी होतात. जुलै २०२४ च्या अखेरीस तापमान वाढल्याने काही उड्डाणे रद्द करावी लागली होती.

या हवाई मार्गाचे मोल लडाखने फार पूर्वी जाणले. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहरसिंग यांनी लेहच्या कच्च्या धावपट्टीवर पहिल्यांदा डाकोटा विमान उतरविले. त्यामुळे वेढ्याच्या छायेत असलेल्या लेहला सैन्याची कुमक पोहोचू शकली. पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेल्या अटल बोगद्याने मनाली-लेह अंतर ४६ किलोमीटरने कमी केले. तरीही बारालाचा ला आणि तांगलांग ला या खिंडी हिवाळ्यात बर्फाखाली जातात. अशा वेळी रुग्ण, विद्यार्थी आणि जवान यांची मुख्य भिस्त विमानावरच असते.

प्रवाशांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रस्त्याने दोन दिवसांत हळूहळू चढली जाणारी उंची विमानाने सव्वा तासात गाठली जाते. शरीराला जुळवून घेण्यास अवधीच मिळत नाही. म्हणून लेहला पोहोचल्यावर पहिले एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी आणि श्वास लागणे वा तीव्र डोकेदुखी जाणवल्यास त्वरित डॉक्टरांना दाखवावे, असा वैद्यकीय सल्ला दिला जातो.