विसाव्या मजल्यावरचं झाड कुणाचं?

मिलानच्या पोर्ता नुओव्हा भागात दोन उंच इमारतींच्या गच्चीवरून दोर सोडले जातात आणि दोराला लटकून माळी खाली उतरतात. एकेका मजल्याशी थांबायचं, वाळकी फांदी छाटायची, झाडाची प्रकृती पाहायची आणि पुढच्या बाल्कनीकडे सरकायचं. या माळ्यांना तिथे ‘उडते माळी’च म्हणतात.

या इमारतींचं नाव ‘बॉस्को व्हर्टिकाले’, म्हणजे उभं जंगल. स्तेफानो बोएरी आणि त्यांच्या सहकारी वास्तुविशारदांनी आखलेलं हे काम २०१४ मध्ये पूर्ण झालं. दोन्ही इमारतींवर मिळून सुमारे ८०० झाडं आहेत, शिवाय हजारो झुडपं आणि वेली. फोटो पाहून आपण हरखतो. मला मात्र या इमारतीची खरी कमाल फोटोत न दिसणाऱ्या गोष्टींत वाटते.

आपल्याकडे जुन्या इमारतीच्या भिंतीतून पिंपळाचं रोप डोकावलं की सोसायटीच्या जिवाला घोर लागतो. ती भीती अगदी खरी आहे. मुळं सांध्यात शिरतात, भेग रुंदावते, पावसाचं पाणी मुरतं आणि खालच्या घराच्या छताला ओल धरते. मिलानमध्ये हे आधीच ओळखून बाल्कनीच्या कडेला काँक्रीटचे खोल हौद बांधले. आतून पाणी अडवणारा थर दिला, त्यावर मुळं अडवणारा पडदा. साधी माती फार जड होते, म्हणून वजनाला हलकं मिश्रण भरलं. झाडं तर इमारत उभी राहण्याआधीच रोपवाटिकेत वाढायला घातली होती, कारण मोजक्या मातीत जगायची सवय लहानपणापासूनच लावावी लागते.

मग वारा. शंभर मीटर उंचीवर तो जमिनीवरच्यासारखा वागत नाही. म्हणून झाडांची वाऱ्याच्या बोगद्यात परीक्षा घेतली गेली. मोठ्या झाडांना पोलादी दोराचा आधार आहे, आणि जिथे वारा सर्वांत जास्त झोंबतो तिथे मुळांचा गड्डाच पोलादी पिंजऱ्यात धरलेला आहे. खोड मोडलंच तरी ते रस्त्यावर पडता कामा नये!

पण माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचा निर्णय बांधकामातला नाहीच. बाल्कनी घरमालकाची असली तरी झाड त्याचं नाही. ते सगळ्या इमारतीचं आहे. पाणी मध्यवर्ती यंत्रणेतून येतं, छाटणी ठरलेले माळी करतात, खर्च सामाईक देखभालीतून निघतो. कुणी गावाला गेलं, कुणाला बागकामाची आवड नसली, तरी झाड तहानेलं राहत नाही.

हे किती मोलाचं आहे, ते चीनमधल्या चेंगडू शहरात दिसलं. तिथल्या एका हिरव्या संकुलात ८२६ सदनिका आणि प्रत्येक बाल्कनीत भरगच्च झाडी होती. पण २०२० पर्यंत मोजकीच कुटुंबं राहायला आली. रिकाम्या घरांवर हिरवाई मोकाट वाढली, आणि जी माणसं आली होती त्यांना डासांनी भंडावून सोडलं. झाडांचा त्यात काय दोष? त्यांना कुणी वालीच नव्हता.

एक आक्षेप मात्र टाळता येत नाही. इतकी माती आणि झाडं पेलायला जास्तीचं काँक्रीट आणि पोलाद लागतं, आणि ते तयार होताना कार्बन हवेत जातोच. उन्हाळ्यातली सावली, ओलसर गारवा, पाखरांचा आसरा हे सगळं खरं आहे. तरी रस्त्याकडेचा पन्नास वर्षांचा वड तोडून ‘वर बाल्कनीत लावू की’ असं कुणी म्हणू लागलं, तर तो सौदा साफ तोट्याचा आहे.

मिलानची घरं श्रीमंतांची आहेत, ही सल मलाही होती. पण बोएरींनीच नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनमध्ये २०२१ मध्ये अशीच इमारत पूर्ण केली, आणि ती परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची. घरं १२५, प्रत्येक पन्नास चौरस मीटरहून लहान. चार चौरस मीटरहून थोडी मोठी बाल्कनी, आणि तिच्यात प्रत्येक भाडेकरूच्या वाट्याला एक झाड आणि वीस झुडपं.