हौशी सायकलस्वाराला लागते तरी काय?

हौशी सायकलस्वाराच्या साहित्याची यादी छोटीच असते. उदाहरणार्थ, अहिल्यानगरहून पाथर्डी रस्त्याने चांदबिबी महाल साधारण 13 किलोमीटरवर आहे. शेवटी डोंगराचा चढ. अशा फेरीला मापाची सायकल, हेल्मेट, पुढे-मागे दिवे, पाणी आणि पंक्चरचे साहित्य पुरते. बाभळीचा काटा टायरमध्ये मोडून राहिला, तर नवी ट्यूबही लगेच पंक्चर होते. म्हणून टायर आतून चाचपून काटा काढावा लागतो.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: ताशी 15 किलोमीटरच्या तुलनेत 30 ला चौपट. त्यामुळे अंगाबरोबर बसणाऱ्या जर्सीचा फायदा वेगातच जाणवतो. गादीची चड्डी लांबच्या फेरीत उपयोगी; क्लिपचे बूट ऐच्छिक. सायकल 2 किलोंनी हलकी घेतली, तरी स्वारासह 80 किलोंत फरक अडीच टक्क्यांचाच. चढावर त्यापेक्षा हलका गिअर अधिक कामी येतो.